बाबा कुठल्या खर्चात धरायचे

संस्थेत तिला सगळे टिंबताई म्हणत. नाव चिडवायला पडलं आणि मग असं चिकटलं की टपाल आणणारी बाईसुद्धा दारातून ‘टिंबताईंचं पाकीट’ अशी हाक द्यायची. त्याला कारण होतं. ही संस्था जगातल्या देशांचा लष्करी खर्च मोजायची. कुणी फौजेवर किती पैसा घातला, गेल्या वर्षीपेक्षा जास्त की कमी, याचा एक लांबलचक तक्ता दर वर्षी निघायचा आणि देशोदेशीची वर्तमानपत्रं तो छापायची. ज्या देशाचा आकडा मिळत नाही त्याच्या चौकटीत दोन टिंबं द्यायची, हा तिचा दंडक. शून्य नाही, अंदाजपंचे काहीतरी नाही, दोन टिंबं. कुणी शून्य टाकलं की ती उठून त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहायची.

“या देशाला फौज नाही का?”

“आहे की.”

“मग फुकट लढते का ती?”

एवढंच विचारायची, आणि समोरचा मुकाट्याने शून्य खोडायचा.

संस्था तिसऱ्या मजल्यावर होती आणि खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना. त्यामुळे अधूनमधून गाल सुजलेला एखादा माणूस एक जिना जास्त चढून यायचा आणि छतापर्यंत लागलेल्या अर्थसंकल्पांच्या थप्प्या बघून आणखी घाबरायचा. टिंबताईची खोली कोपऱ्यातली. खालून दातांचं यंत्र घरघरायला लागलं की तिच्या टेबलावरचा चहाचा कप बशीत थरथरायचा, तो एका हाताने धरून ती दुसऱ्या हाताने पानं उलटायची. ‘आकडे हजारांत’ आणि ‘निवृत्तिवेतन’ हे शब्द तिला कितीतरी भाषांत ओळखता यायचे. त्यातल्या बहुतेक भाषांत तिला प्यायला पाणी मागता आलं नसतं.

लोकांना वाटतं, लष्करी खर्च शोधायचा म्हणजे तिजोऱ्या फोडायच्या, गुप्त कागद पळवायचे. कसलं काय. बरीचशी सरकारं सगळं छापून ठेवतात, फक्त आपण उघडू त्या पानावर छापत नाहीत. एखाद्या देशात शिपायांचं धान्य शेतीखात्याच्या माथी मारलेलं असतं, दुसऱ्या कुठे बराकी घरबांधणीत घुसडलेल्या असतात. हे सगळं हुडकून एका ओळीत आणून बसवायचं आणि प्रत्येक देशाला एकच फूटपट्टी लावायची, हे टिंबताईचं काम. त्या फूटपट्टीवरून तिने भल्याभल्यांशी वाकडं घेतलं होतं. एकदा एका देशाचे राजदूत स्वतः जिने चढून आले, आमचे सीमापोलीस तुम्ही फौजेत कसे धरले म्हणून. टिंबताईने त्यांना बसवलं, चहा दिला, बिस्किटं पुढे केली आणि सांगितलं की तुमच्या सीमापोलिसांकडे रणगाडे आहेत. राजदूत बिस्किट न खाता गेले.

घरी ती आणि बाबा. आई जाऊन बरीच वर्षं लोटली होती. टिंबताईने लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची सोय तिने कुणाला ठेवली नव्हती. बाबा लष्करात ट्रक चालवायचे. हयातीत एक गोळी झाडली नाही, असं ते स्वतःच सांगत, पण पूल वाहून गेलेल्या नदीतून ट्रक कसा काढला हे सांगायला बसले की ऐकणाऱ्याची बस चुकायची. उजवा गुडघा त्यांनी त्याच नोकरीत घालवला होता. संध्याकाळी ते माजी सैनिकांच्या संघटनेत पत्ते खेळायला जात, आणि तिथे मुलीची फुशारकी मारणं हा त्यांचा पत्त्यांपेक्षाही आवडता खेळ होता. “माझी लेक साऱ्या जगाच्या सेनापतींचे खिसे तपासते,” असं ते म्हणायचे. तक्ता छापून आला की त्या दिवशीचा पेपर घडी करून कोटाच्या खिशात घालून जायचे. आतले आकडे त्यांना कळत नसत, पण तेवढ्यासाठी अडून बसणाऱ्यांतले ते नव्हते.

तर त्या वर्षी काय झालं, संरक्षणमंत्र्यांनी भर सभागृहात सांगितलं की देशाचा लष्करी खर्च एका फटक्यात पाचव्या हिश्शाने कमी केला आहे आणि तो पैसा शाळा-दवाखान्यांकडे वळवला आहे. टाळ्या पडल्या. बाबांनी घरी टीव्हीसमोर बसून टाळ्या वाजवल्या. टिंबताईलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगायचं. इतकी वर्षं आकडे चढताना पाहून तिचे डोळे विटले होते, आणि आता उतरला तो चक्क आपल्याच देशाचा. तिने अर्थसंकल्पाचे खंड मागवले, आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी तिला ते पान सापडलं. ते लपवलेलं नव्हतंच, चांगलं ठळक छापलं होतं. माजी सैनिकांचं निवृत्तिवेतन संरक्षण खात्यातून उचलून कल्याण खात्यात नेऊन ठेवलं होतं. खर्च कमी झाला नव्हता. खिसा बदलला होता.

आता संस्थेची फूटपट्टी काय सांगते? निवृत्तिवेतन हा लष्करी खर्चच. माणूस फौजेत असताना त्याला देतात तो पगार जसा फौजेचा, तसं तो म्हातारा झाल्यावर त्याच नोकरीपायी देतात ते पैसेही फौजेचेच, मग ते कुठल्या का खात्यातून देईनात. टिंबताईने कल्याण खात्यातली निवृत्तिवेतनाची सबंध रक्कम उचलली आणि संरक्षण खात्याच्या आकड्यात घातली. महागाई वगैरे वजा करून, गेल्या वर्षीचा खर्च शंभर धरला तर मंत्री म्हणत होते ऐंशी, आणि तिची बेरीज येत होती एकशे दहा. म्हणजे कपात राहिली बाजूला, उलट वाढ. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो आकडा तिने तसाच संचालकांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

संचालक वाईट माणूस नव्हता. नीट शिकलेला, नीट बोलणारा, आणि महिन्याच्या शेवटी जागेचं भाडं कुठून भरायचं या विवंचनेत केस पिकलेला. भाड्याचा मोठा वाटा सरकारी अनुदानातून यायचा.

“सरकारचा आकडा छापू,” ते म्हणाले. “खाली बारीक अक्षरात टीप देऊ.”

“टीप कोण वाचतं?”

“तुम्ही वाचता.”

“मी वाचते म्हणून तर सांगतेय.”

“टिंबताई, जगात एवढे देश पडलेत. आपल्याच घरात तंटा कशाला?”

“त्या राजदूतांना जिना चढायला लावला तेव्हा आपण काय म्हणालो होतो? सगळ्यांना एकच माप. आता आपलं घर आलं तर माप आखूड करायचं?”

संचालकांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला. टिंबताई उभीच होती. तिला असं समोर उभं राहिलेलं पाहिलं की माणसाची अर्धी लढाई तिथेच संपायची. “ठीक आहे,” ते शेवटी म्हणाले. “पण आकडा असा द्या की मला कुणी धरून गदागदा हलवलं तरी तो हलता कामा नये.”

छापण्याआधी प्रत्येक देशाच्या सरकारला त्याचा आकडा कळवायचा आणि काही म्हणणं असेल तर मागवायचं, ही संस्थेची रीत. तसा तो आपल्याही सरकारला गेला. सरकारने संस्थेला काही कळवलं नाही. मंत्रालयातल्या कुणीतरी फोन केला तो माजी सैनिकांच्या संघटनेच्या अध्यक्षांना. तुमचं निवृत्तिवेतन आता कल्याणात आहे, सुरक्षित आहे, पण अमुक एक बाई ते पुन्हा लष्करात मोजायला निघाल्या आहेत. लष्करात मोजलं गेलं तर पुढची कपात कुणावर येईल ते तुम्हीच ओळखा. अध्यक्ष फौजेत कोठारावर होते, जन्मभर ब्लँकेटं मोजलेला माणूस. इशारा त्यांना लगेच कळला.

त्या संध्याकाळी बाबा वेळेआधीच घरी आले. टिंबताई भाजी चिरत होती. बाबांनी कोट काढला नाही, तसेच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

“तू मला तोफांच्या रांगेत बसवलंस म्हणे.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी नाही सांगितलं ते विचार. अध्यक्षाने पत्ते वाटताना मला वगळलं. सरळ पुढच्याला पान टाकलं, जसा मी खुर्चीत नाहीच.”

टिंबताईने सुरी खाली ठेवली. “अहो बाबा, तुम्ही पहिल्यापासून त्याच रांगेत आहात. मी कामाला लागायच्या आधीपासून. निवृत्तिवेतन नेहमीच धरतो आम्ही.”

बाबांना हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं जो पेपर ते खिशात घालून मिरवत होते, त्यात आपण स्वतः आहोत, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. ते स्टुलावर बसले.

“म्हणजे माझ्या गुडघ्याचं औषध रणगाड्याच्या खर्चात?”

“गुडघा कशात गेला?”

“ते सोड. मंत्री म्हणाले, आता तुम्ही साधे नागरिक, कल्याण खात्यात. कल्याण! जन्मात पहिल्यांदा कुणी आमच्यासाठी तो शब्द काढला. आणि पोटची पोर म्हणते, नाही, तुम्ही दारूगोळाच.” ते स्टुलावर पुढे सरकले. “उद्या कपात आली तर आमच्या मानेवर येणार. अध्यक्ष म्हणाला, मुलीला सांग. मी म्हटलं, सांगतो. तर सांगतोय. आम्हाला त्यातून काढ.”

“नाही काढता यायचं.”

“माझ्यासाठी?”

“तुमच्यासाठी तर नाहीच.”

हे बोलायला नको होतं असं तिला बोलताक्षणीच वाटलं. तिला म्हणायचं होतं ते वेगळं होतं. बापासाठी आकडा वाकवला तर बाप ज्या आकड्याची फुशारकी मारतो तो उरतच नाही, असं काहीतरी. पण ते तिला जमलं नाही. बाबा उठले.

“तुला काय, तू खुर्चीत बसून मांडतेस. त्या नव्या कचेरीत एकदा उभी राहून बघ. पहिले चार महिने किती बरं होतं, लष्कराच्या जुन्या खिडकीवर जायचं, तो कारकून नावाने हाक मारायचा, पैसे हातात. आता या कल्याणवाल्यांकडे गेलं की आधी सिद्ध करा जिवंत आहात…”

“थांबा,” टिंबताई म्हणाली. “पहिले चार महिने कुठल्या खिडकीवर?”

“जुन्या.”

“या वर्षीचे?”

“मग काय गेल्या जन्मीचे? बघा, मी इथे जीव तोडून बोलतोय आणि ही बोटं मोजतेय.” आणि बाबा आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

टिंबताई खरोखरच बोटं मोजत होती. पहिले चार महिने पैसे संरक्षण खात्यानेच दिले होते, म्हणजे ते मंत्र्यांच्या ऐंशीत, कर्मचाऱ्यांच्या खर्चात मिसळून, आधीच बसलेले होते. कल्याण खात्याने मात्र वर्षाची सबंध रक्कम आपल्या नावे मांडली होती, कारण त्या चार महिन्यांची भरपाई त्याने नंतर संरक्षण खात्याला केली. तिने दोन्ही धरले. चार महिन्यांचे सगळे म्हातारे दोनदा मोजले गेले, बाबांसकट. एरवी हे तिला लगेच दिसलं असतं. पगाराचा आकडा जेवढा उतरायला हवा तेवढा उतरलेला नाही, हे कुठल्याही दुसऱ्या देशाच्या बाबतीत तिच्या डोळ्यांना आधी खटकलं असतं. पण या वेळी तिला मंत्र्यांना खोटं पाडायचं होतं आणि त्या घाईत तिने आपलंच माप सैल सोडलं. लाज वाटली तिला. भाजी तशीच राहिली. दोनदा धरलेले वजा केल्यावर जे उरलं ते एकशे दहा नव्हतं आणि ऐंशीही नव्हतं. ते होतं शंभर. गेल्या वर्षी होता तेवढाच खर्च.

सकाळी ती संचालकांपुढे जाऊन उभी राहिली.

“माझं चुकलं. शंभर.”

संचालकांनी तिच्याकडे पाहिलं. “परवा एकशे दहा, आज शंभर. मी असं करतो, चहा मागवतो. तो येईपर्यंत तुम्ही ऐंशीवर याल.”

“ऐंशीवर नाही येणार.”

“मंत्रालयाला एकशे दहा कळवलेत आपण. आता चूक झाली म्हटलं तर ते म्हणतील, ज्यांचं एकदा चुकलं त्यांचं दुसरंही चुकलं असेल. त्यापेक्षा या वर्षी आपल्या देशापुढे तुमची ती दोन टिंबं देऊन टाकू. झालं.”

“टिंबं माहीत नसेल तेव्हा देतात. आपल्याला माहीत आहे.” ती जराही हलली नाही. “चूक कशी झाली ते मी सगळ्यांसमोर सांगेन. माझ्या तोंडाने. तुम्ही फक्त शेजारी बसा.”

संचालकांनी खरंच चहा मागवला. तो आला, दोघांनी प्यायला, आणि शंभर राहिला.

घरात मात्र बोलणं बंद होतं. बाबा वेळेवर जेवत, पण मीठ हवं असेल तर मागायचे नाहीत, उठून स्वतः घ्यायचे. संघटनेत जाणं त्यांनी सोडलं होतं. संध्याकाळी त्यांच्या पत्त्यांच्या वेळेला ते खिडकीशी उभे राहायचे. या जगात तिचं म्हणावं असं एकच माणूस होतं आणि ते तिच्याशी बोलत नव्हतं. एक ओळ बदलली असती तर ते बोललं असतं. हे तिला दिवसभर, अगदी जगाच्या पाठीवरच्या कुठल्याशा बेटाचा नौदलखर्च तपासतानासुद्धा, आठवत राहायचं. ओळ तिने बदलली नाही.

तक्ता जाहीर व्हायला थोडेच दिवस उरले असताना, सुट्टीच्या दिवशी सकाळी मावशी आल्या. या सख्ख्या मावशी नव्हेत. बाबांच्या ट्रकवर त्यांच्या शेजारच्या जागेवर जो मदतनीस बसायचा, त्याची ही बायको. सीमेवरच्या लढाईत एका वळणावर तो ट्रक सुरुंगावर गेला. बाबा त्या दिवशी दुसऱ्या गाडीवर होते. तेव्हापासून मावशींना सरकारकडून विधवेचं निवृत्तिवेतन मिळत होतं, आणि मावशी कुणाकडेही जायच्या त्या न सांगताच जायच्या.

“मला अध्यक्षांनी पाठवलंय,” त्यांनी चप्पल काढता काढताच सांगून टाकलं. “तुझं मन वळवायला. जमलं तर थोडं रडा म्हणाले. मला असं सांगून रडता येत नाही, ते मी त्यांना तिथेच सांगितलं.”

टिंबताईने त्यांना बसायला खुर्ची दिली. बाबांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आतली पेपराची सळसळ थांबली.

“तू आम्हाला कशात धरतेस ते आधी नीट सांग,” मावशी म्हणाल्या. “अध्यक्ष बोलतात ते काही मला कळत नाही. मधेच ओरडतात.”

टिंबताईने सांगितलं. नोकरी, पगार, त्यामागून येणारं निवृत्तिवेतन, सगळ्या देशांना एकच नियम. मावशींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“आणि त्या नव्या खात्यात मला काय म्हणतात, माहीत आहे? ‘निराधार वृद्धा’. खिडकीवर मोठ्याने वाचतात. मागे रांग उभी असते.” त्या जरा थांबल्या. “तुझ्या तक्त्यात मी कोण?”

“तिथे नावं नसतात मावशी. फौजेपायी झालेला खर्च अशी एक ओळ असते. त्यात तुम्ही.”

“आणि हे?”

“ते गेले म्हणून तुम्हाला मिळतं. म्हणजे तेही त्यातच.”

मावशींनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाल्या, “इतकी वर्षं झाली. माझा नवरा म्हातारा होऊन नाही गेला, की कुठल्या आजाराने नाही गेला. फौजेच्या ट्रकमध्ये, फौजेच्या कामावर गेला. आता म्हणतात, तो खर्च आमच्या फौजेचा नाही, ती एक गरीब म्हातारी आहे, तिला आम्ही चार पैसे टाकतो.” त्यांनी पदर झटकला. “मला तिथेच राहू दे. ज्याचा खर्च त्याच्या नावावर असू दे.”

“कपात आली तर?” टिंबताईने विचारलं. तिला हे विचारल्याशिवाय राहवेना. “अध्यक्षांची भीती अगदीच खोटी नाही. येऊ शकते.”

“कल्याणात येणार नाही, असं त्यांनी लिहून दिलंय?”

“नाही.”

“मग झालं.”

अर्धं दार पूर्ण उघडलं. बाबा बाहेर आले. ते मावशींकडे बघत नव्हते, टिंबताईकडेही बघत नव्हते, ओट्याकडे बघत होते.

“चहा कोण कोण घेणार?” त्यांनी विचारलं.

टिंबताईने नुसता हात वर केला.

तक्ता जाहीर झाला तो संस्थेच्या लांबट खोलीत. खुर्च्या कमी पडल्या म्हणून दातांच्या दवाखान्यातून बाकं आणली होती. वार्ताहर आले, मंत्रालयाचे माहिती अधिकारी आले आणि पुढच्या रांगेत बसले. संचालक टिंबताईच्या शेजारी बसले, कबूल केल्याप्रमाणे, घाम पुसत. जगाचा आकडा सांगून झाला, मोठमोठ्या देशांचं झालं, आणि मग टिंबताईने आपला देश घेतला. आधी आपली चूक सांगितली, चार महिने कसे दोनदा धरले गेले ते सगळं, एकही शब्द न गिळता. मग सांगितलं, शंभरच्या जागी शंभर.

“म्हणजे कपात झालीच नाही?” एका वार्ताहराने विचारलं.

“निवृत्तिवेतन होतं तिथेच धरून मोजलं तर नाही.”

माहिती अधिकारी उठले. गोड आवाजाचा माणूस. “बाईंनी एकदा चूक केल्याचं त्या स्वतःच सांगतात, त्यामुळे आकड्यावर मी बोलत नाही. पण एक शंका आहे. देशासाठी घाम गाळलेल्या वृद्धांना शस्त्रास्त्रांच्या यादीत टाकणं हे त्यांना कमीपणा आणणारं नाही का? असा एखादा वृद्ध बाईंनी जवळून पाहिला तरी आहे का?”

टिंबताईला उत्तर माहीत होतं. पण ते द्यायचं म्हणजे बाबांना चव्हाट्यावर आणायचं, आणि चहा विचारला म्हणून त्यांनी एवढी मुभा दिली आहे असं तिला धरून चालायचं नव्हतं. ती गप्प राहिली. जन्मात पहिल्यांदा असेल. संचालकांनी दचकून तिच्याकडे पाहिलं.

मागच्या बाकावर हालचाल झाली. बाबा उठत होते. ते कधी येऊन बसले ते तिने पाहिलंच नव्हतं. शेजारी मावशी होत्या, त्यांनी कोपराला हात दिला.

“रोज पाहते,” बाबा म्हणाले. “मी तिचा बाप. लष्करात ट्रकचालक होतो. ही जी रक्कम चाललीय ना, त्यात मी आहे. या बाई आहेत, यांचा नवरा आहे. कमीपणा कसला त्यात? फौजेनेच नेलं आम्हाला, फौजेच्याच नावावर राहू द्या.” एवढं बोलून त्यांनी आजूबाजूला पाहिलं, आपण इतक्या लोकांसमोर बोललो हे त्यांच्या आता लक्षात आलं असावं, आणि ते खाली बसले.

माहिती अधिकारीही बसले. दुसऱ्या दिवशी बहुतेक वर्तमानपत्रांनी शंभर छापला, काहींनी ऐंशी, आणि एकाने दोन्ही. अनुदानाचं पुढे काय झालं ही संचालकांनी सांगायची गोष्ट आहे; ते ती सुस्कारा टाकून सांगतात. टिंबताईची गोष्ट त्याच दिवशी दुपारी, बसथांब्यावर पुरी झाली.

मावशी पलीकडच्या बसने गेल्या होत्या. बाबा आणि ती थांब्याच्या बाकावर बसून होते.

“अध्यक्ष आता मला पत्त्यांना घ्यायचा नाही,” बाबा म्हणाले.

“मग?”

“मावशींना पत्ते येतात म्हणे. बघू.”

बस कुठे दिसत नव्हती.

“एक विचारू? मी गेलो की देशाचा लष्करी खर्च कमी होणार का?”

ते थट्टा करताहेत की काय म्हणून तिने वळून पाहिलं. ते थट्टा करत नव्हते.

“होईल,” ती म्हणाली. “तुमचं वर्षाचं निवृत्तिवेतन, तेवढा.”

“तक्त्यात दिसेल?”

आयुष्यभर जिने कुणाला सोयीचा आकडा दिला नाही, तिला तो या वेळी द्यावासा वाटला. फार वाटला.

“नाही बाबा. तक्ता कोटींत असतो. एका माणसाने शेवटचा आकडासुद्धा हलत नाही.”

बाबांनी मान हलवली. “म्हणजे कुणाला कळायचं नाही.”

“मला कळेल,” टिंबताई म्हणाली.

बस आली तेव्हा बाबांनी दांडा धरला, एक पाय वर घेतला आणि मागे न बघता तिच्यासाठी हात पुढे केला.